निम्मा टँकर

काचेपलीकडची बाई हात हलवून खूण करत होती आणि शिवकन्या बटण दाबतच होती. कानांवर जाड हेडफोन, चारी भिंतींना करडा फोम, हातात ते छोटं बटण. आवाज आला की दाबायचं, एवढंच काम. पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन कक्षात तिची अठरा वर्षं गेली होती आणि कानांची ही तपासणी दरवर्षी ठरलेली होती. शेवटी त्या बाईनं उठून दार उघडलं. म्हणाली, "मॅडम, मी अजून आवाज दिलाच नाही. तुम्ही कशाला दाबताय?" शिवकन्या हसली, चुकून झालं म्हणाली, पुन्हा बसली. तपासणी पार पडली आणि कान उत्तम आहेत असा कागदही मिळाला. पण त्या निःशब्द खोक्यात आपण काय ऐकत होतो ते तिला कळेना. ते दुपारी कळलं, डब्याचं झाकण उघडता उघडता. कुऱ्हाड. लाकडावर तीन घाव, मग थांबणं, मग पुन्हा तीन. घावांपेक्षा ते थांबणं जास्त ओळखीचं होतं. माय तीन घाव घालायची आणि कान द्यायची, जंगलाचा गार्ड येतो का म्हणून. शिवकन्येनं डबा पुन्हा बंद केला. समोरच्या फळीवर लाल दिवे लुकलुकत होते, कुणाला हृदयविभाग हवा होता, कुणाला शवागार, आणि ती प्रत्येकाला त्याच मऊ आवाजात थांबायला सांगत होती.

तो दोन हजार सोळाचा एप्रिल. लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. कक्षातल्या मुली ते फोटो एकमेकींना दाखवायच्या, कशी राहत असतील गं माणसं म्हणायच्या. शिवकन्या त्यात बोलली नाही. गाव विचारलं की ती गेली वीस वर्षं पुणे सांगत आली होती. खोटं बोलावं असं काही तिच्या मनात नसे, पण खरं सांगायला घेतलं की फार लांब जावं लागे. माय शेवटची चार वर्षं तिच्याकडे चौथ्या मजल्यावर राहिली. आंघोळीचं पाणी बादलीत धरून ठेवायची, आणि शिवकन्या ते गुपचूप ओतून द्यायची, डास होतात म्हणून. माय जाऊन सहा वर्षं झाली होती. तपासणीनंतरच्या आठवड्यात कँटीनच्या फळ्यावर एक छापील कागद दिसला. केज तालुक्यातल्या सटवाईच्या डोंगरावरचं जंगल राखणाऱ्या संस्थेला उन्हाळ्यापुरते स्वयंसेवक हवे होते. रोपांना पाणी घालणं, पाणवठे भरणं, राहणं-जेवण साधं. डोंगराचं नाव तिनं तीनदा वाचलं. जंगल? तिच्या आठवणीत तिथे जंगल नव्हतं. असलेलं तोडून नेणाऱ्यांत त्या दोघी मायलेकी होत्या. तिनं सहा आठवड्यांची रजा टाकली. संस्थेच्या अर्जावर गावाच्या रकान्यात मात्र पुन्हा पुणेच लिहिलं.

युसूफ वडगावहून जीपनं अर्धा तास, मग पायवाट. पत्र्याच्या दोन खोल्यांपुढे सुंदरराव उभे होते, सदुसष्ट वर्षांचे, शाळेत शेतकी शिकवून निवृत्त झालेले, डोक्याला ओला पंचा. वीस वर्षांपूर्वी हा डोंगर बोडका होता. त्यांनी वाडीतली चार माणसं धरून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, आणि मग, त्यांच्याच शब्दांत, डोंगर जे करील ते करू दिलं. आता वरच्या अंगाला धावडा होता, अंजन, बेहडा, मोई. पश्चिमेच्या उतारावर मात्र अजून नुसतं कुसळी गवत, आणि तिथेच नऊशे रोपं लावलेली. औरंगाबादहून आलेले दोन स्वयंसेवक पाचव्या दिवशी ऊन सोसेना म्हणून परत गेले. उरली शिवकन्या, आणि स्वयंपाकापासून रोपवाटिकेपर्यंत सगळं बघणाऱ्या चंद्रभागाबाई, साठीच्या, वाडीतल्याच.

दिवस पाचला उजाडायचा. प्रत्येक रोपाच्या बुडाशी मातीचं मडकं पुरलेलं होतं, त्याला खाली भोक आणि भोकात चिंधीची वात. मडकं भरलं की मुळाला तीन दिवस ओल मिळायची. पायथ्याच्या सिमेंटच्या हौदातून घागर भरायची, डोक्यावर घेऊन चढायचं, पाच मडकी भरायची, उतरायचं. पहिल्या दिवशी तिला वाटलं मान मोडेल. चौथ्या दिवशी मानेला आपोआप आठवलं. खांदे सैल सोडायचे, नजर दहा पावलांवर ठेवायची, श्वास पावलांबरोबर. हे शरीर इतकी वर्षं खुर्चीत बसून काय करत होतं? आठ वाजता ऊन पाठीवर हात ठेवल्यासारखं यायचं, दहाला तेच हात दाबायला लागायचे. मधल्या वेळात पाणवठे. सिमेंटच्या तीन उथळ बशा घळीत बसवलेल्या, त्यांच्या काठी चाळलेली माती पसरलेली, आणि त्या मातीवर रात्रभरात कोण कोण येऊन गेलं ते सकाळी उमटलेलं असायचं. सुंदरराव काठीनं दाखवायचे, हा कोल्हा, ही सायाळ, हा मोर, याची शेपूट घासलीय बघा. मग वहीत लिहायचे, कुणाच्या घरी आलेल्या पाहुण्यांची नावं लिहावीत तसे. दुपारी भाकरी, हिरवा ठेचा, पातळ पिठलं. पत्र्याखाली झोप यायची नाही, नुसती ग्लानी. त्या ग्लानीत शिवकन्येला वाटायचं, आपल्याला कुणाचे तरी आभार मानायचे आहेत आणि त्या माणसाचा पत्ता हरवलाय.

पत्ता नव्हता, पण दगड होता. घळीच्या तोंडाशी, उंटाच्या पाठीसारखा. बारा वर्षांची असताना ती त्यावर बसायची. त्या वर्षीच्या दुष्काळात उसालाच पाणी नव्हतं. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या हंगाम अर्धा टाकून परत आल्या, आणि भिवराबाई, तिची माय, कोयता बाजूला ठेवून कुऱ्हाड घेऊन डोंगरावर यायला लागली. मोळी वडगावच्या बाजारात जायची. त्या मोळ्यांवर शिवकन्येची पत्र्याची पेटी आली, दोन निळे झगे आले, आणि जूनमध्ये ती अंबाजोगाईच्या वसतिगृहात गेली. तिचं काम दगडावर बसून वाटेवर नजर ठेवायचं. गार्ड दिसला की होल्यासारखं घुमायचं. रोज ती नीट राखण करायची. एके दिवशी घळीत मोर आला. पाणी नव्हतंच, तो कोरड्या वाळूत चोच मारत होता, आणि मग कुणीही बघत नसताना, निदान त्याला तसं वाटत असताना, त्यानं पिसारा उभा केला. ती वाट विसरली. गार्ड मायच्या पाठीशी जाऊन उभा राहिला तेव्हाच तिला दिसला. त्यानं कुऱ्हाड काढून घेतली आणि मायला उघड्या कातळावर बसवलं, दुपारचे तीन तास, सावलीत जायचं नाही म्हणून. शिवकन्या लांब उभी राहून रडत होती. संध्याकाळी दोघी रिकाम्या हातानं उतरल्या. माय रागावली नाही. अर्ध्या वाटेत फक्त म्हणाली, "मोर चांगला व्हता का?" तो प्रश्न शिवकन्येनं तीस वर्षं बाळगला होता. पुण्यात, कुठेही, मध्येच तो टोचायचा. मायच्या शेवटच्या आजारात तिला विचारायचं होतं, तू मला तेव्हा टोमणा मारलास का गं? विचारलं नाही. विचारण्यासारखा निवांत क्षण आला की ती उठून औषध द्यायची.

दुसऱ्या आठवड्यात रोपवाटिकेपाशी तिनं जुन्या ओढणीचं टोक फाडलं, पीळ देऊन वेटोळं केलं, टोक आत खोचलं आणि ते डोक्यावर ठेवून घागर उचलली. चंद्रभागाबाई खुरपं थांबवून बघत होत्या.

"ही चुंबळ कुनी शिकवली गं तुला?"

"आईनं."

"पुन्याच्या आईला अशी चुंबळ येती? टोक आतून खोचायचं आमच्या वाडीतल्या बायाच करत्यात. माय कोन तुझी?"

शिवकन्येनं घागर खाली ठेवली. काही तरी पकडलं गेल्यासारखं तिला वाटलं. "भिवराबाई," ती म्हणाली. "खालच्या आळीतली."

"आगं माझे बाई!" चंद्रभागाबाईंनी मातीचे हात तिच्या दोन्ही गालांवर लावले. "भिवरा! आमी दोघी एका टोळीत व्हतो. लाकडालाबी संगंच यायचो. म्हंजे तू ती मोरावाली पोरगी!"

"तुम्हाला ते माहीत आहे?"

"सगळ्या टोळीला म्हाईत हाय. उसाच्या फडात भिवरा लई हसून हसून सांगायची. म्हनायची, मला गार्डानं उन्हात बसवलं तवा मला कायबी वाटलं न्हाई बाई. त्यो आला तवा मी वर बघितलं, माझी पोरगी दगडावर बसलीती आन् तिचं तोंड असं झालतं, जसं काय देव बघतीया. म्हनली, तोंड मला दिसलं, पर मोर कुठं दिसला मला? मी पाठमोरी व्हते. म्हनून घरी जाताना इचारलं तिला, चांगला व्हता का. तर ही गप. सांगितलंच न्हाई."

शिवकन्या खाली बसली. हसू आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरंही काही आलं, आणि दोन्ही तिनं येऊ दिलं. मायला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मोर कसा होता, एवढंच. चंद्रभागाबाईंनी तिला रडू दिलं, आणि मग हाताला धरून घळीच्या वर नेलं. तिथे एक धावडा होता, एकाच बुडातून निघालेली पाच खोडं, गुळगुळीत, फिकट, पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर गेलेली. बुडाशी जुन्या घावाची काळी वाटी. "ह्यो आमी दोघींनी तोडलेला. मुळी जित्ती व्हती. एकाचे पाच झाले बघ." शिवकन्येनं खोडावर हात ठेवला. एवढ्या उन्हात ते थंड होतं. या डोंगरानं आपल्याला शिकवलं, पेटी दिली, झगे दिले, तिला वाटलं. आणि वर इतकी वर्षं त्याची वाच्यताही केली नाही. तिला कुणापुढे तरी वाकावंसं वाटलं. तिथे धावडाच होता, म्हणून त्याला कपाळ टेकलं.

डोंगराला पाणी सहकारी साखर कारखान्याच्या टँकरमधून यायचं. ऊसच नसल्यानं कारखान्याचा हंगाम जानेवारीतच आटोपला होता, टँकर उभेच होते. संचालक मोहनराव सुंदररावांचे विद्यार्थी, त्यांनी एक टँकर दर तिसऱ्या दिवशी लावून दिला. निम्मा वाडीच्या विहिरीत सोडायचा, निम्मा डोंगराच्या हौदात. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हे चाललं. मग विहिरीचे झरे पार आटले, सरकारी टँकरचा वार चुकायला लागला, आणि एका सकाळी, सुंदरराव डोळे दाखवायला बीडला गेलेले असताना, वाडीतल्या बायका हौदाच्या वाटेवर येऊन बसल्या. रतनबाई चाकापुढे. चालक आसारामनं इंजिन बंद केलं आणि शिवकन्येकडे बघितलं. "ताई, मी काय करू सांगा. विहिरीत निम्मं सोडलंय. ह्या उठत न्हाईत."

"कावून उठावं?" रतनबाई म्हणाल्या. पन्नाशीची, उंच, काटक बाई. "आमची मान्संबी सभासद हायती कारखान्याची. मंग टँकर कुनाचा? झाडाला मडक्यानं पानी पाजता, कोल्ह्याला बशीत देता. माझ्या घरात आठ दिवसांची बाळंतीन हाय. दोन दिस झाले, तिला अंग धुवायला तांब्याभर पानी न्हाई. लेकराची दुपटी तशीच वाळवून पुन्यांदा घालते. हाय का तुमच्या वहीत तिचं नाव?"

शिवकन्येच्या हातात टँकरचा पाइप होता. तिनं बोलायला तोंड उघडलं आणि इस्पितळातला तो मऊ आवाज निघाला, "ताई, आपण जरा शांतपणे", आणि बायकांच्या डोळ्यांत जे आलं ते बघून तिनं तो तिथेच गिळला. पाइप जड होता. त्याच्या तोंडातून दोन-तीन थेंब धुळीत पडले आणि सगळ्यांची नजर त्या थेंबांवर गेली, तिचीसुद्धा. नऊशे रोपं, मडकी परवाच आटलेली. वीस वर्षं एका माणसानं राखलेला डोंगर. तो माणूस इथे नाही. आणि ती कोण? दीड महिन्याची पाहुणी. पण पाइप तिच्याच हातात होता. तिला मायची बादली आठवली, चौथ्या मजल्यावरची, मोरीत ओतलेली. तिनं पाइप आसारामकडे दिला. म्हणाली, "सगळं विहिरीत सोडा दादा. आणि विहीर भरेस्तोवर पुढचेही."

मग तिच्या तोंडून तिचीच जुनी भाषा आली, अडखळत: "मी भिवराची हाय, रतनबाई. खालच्या आळीची. मला कळतंय."

रतनबाई उठल्या, पदर झटकला. "भिवराची असशील न्हाईतर कुनाची. पानी सोड आधी," एवढंच म्हणाल्या आणि टँकरच्या पुढे चालायला लागल्या.

सुंदरराव संध्याकाळच्या बसनं परतले. तिनं सगळं सांगितलं, उभ्यानं, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसं. ऐकून ते उठले. काठी घेऊन पश्चिम उताराला गेले आणि अंधार पडेपर्यंत रोपांमधून फिरत राहिले. दुसऱ्या दिवशीही तिकडेच होते. तिनं पिशवी भरून ठेवली. तिसऱ्या सकाळी पाणवठ्यापाशी मातीवर एकही पाऊल नव्हतं. बशा कोरड्या होत्या. तेव्हा ते म्हणाले, "मी असतो तर पाइप सोडला नसता. म्हणून मी नव्हतो ते बरं झालं." मग काठीनं कोरडी बशी ठोकत: "रोपं पुन्हा लावता येतील. बशांचं मात्र बघू." त्या दिवसापासून तिघांनी आंघोळ बंद केली. प्यायच्या पाण्यातून एक एक कळशी रोज घळीत जायची. त्वचेवर घामाची मिठाची रेघ उमटायची, केसांना धुराचा वास यायचा, आणि शिवकन्येला नवल वाटायचं की आपण इतके दिवस इतक्या सुखात कधी नव्हतो. पिशवी तिनं रिकामी केली. पश्चिमेची रोपं मात्र एकेक करून वाळत गेली. ती रोज जाऊन बघायची, पान चुरगाळून, साल नखानं खरवडून. खाली हिरवं दिसलं की पुढच्याकडे.

दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, त्याच उतारावर धूर दिसला. वाऱ्यानं कुसळी गवतातून आग अशी पळत होती की तिला आवाजच नव्हता, नुसता हवेचा थरकाप. सुंदरराव धावले आणि शंभर पावलांत छाती धरून बसले. चंद्रभागाबाई त्यांच्यापाशी थांबल्या. फोनला रेंज नव्हती. शिवकन्या त्या उंटाच्या पाठीसारख्या दगडावर चढली आणि वाडीकडे तोंड करून ओरडली. काय ओरडली ते तिला नंतरही आठवलं नाही. अठरा वर्षं जो आवाज तिनं मऊ ठेवला होता तो फाटून गेला. मग करंजाची फांदी मोडून ती एकटीच आगीच्या कडेला लागली. फांदी आपटायची, उचलायची, आपटायची. भुवया जळाल्याचा वास आला. आग घळीच्या दिशेनं सरकत होती, धावड्यांकडे, आणि तिला स्वच्छ कळलं की आपल्याच्यानं हे होणार नाही. ते कळूनही हात थांबले नाहीत.

तेवढ्यात शेजारी दुसरी फांदी आपटली. रतनबाई. लुगड्याचा काचा मारलेला, डोक्याला घट्ट फडकं. त्यांच्यामागे पंधरा-वीस बाया, काही गडी, निंबाचे डहाळे घेऊन. "तशी न्हाई, खालून मार, खालून!" रतनबाई ओरडल्या. "आन् तिकडून गवत छाटा! घळीत जाऊ दिऊ नका!" कुणी विळ्यानं पट्टा मोकळा करत होतं, कुणी मातीची ढेकळं फेकत होतं. कोण कुठे ते धुरात दिसत नव्हतं, फक्त डहाळ्यांचे फटके ऐकू येत होते, चारी बाजूंनी, आणि त्या आवाजात शिवकन्येला एकटं वाटायचं थांबलं. दोन तास लागले. पश्चिमेचा उतार काळा झाला, रोपं होती ती गेली, मडकी तडकून उघडी पडली. आग घळीच्या काठावर येऊन विझली. वर धावड्यांना धग लागून पानं करपली होती, पण खोडं उभी होती.

सुंदरराव काठीच्या आधारानं आले. घळीकडे बघितलं, मग बायकांकडे. हात जोडायला गेले तर काठी पडली, एकीनं ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "बसा गुरुजी." चंद्रभागाबाई त्यांना वारा घालायला लागल्या.

शिवकन्या राखेच्या कडेला बसली होती. तळहातांना फोड आले होते, घसा बंद झाला होता. रतनबाई काखेत घागर घेऊन समोर आल्या. तांब्याची, पदरानं तोंड झाकलेली.

"आगीवर नका ओतू," शिवकन्या कशीबशी म्हणाली. "विझलीय."

"आगीवर कोन ओततंय? तुझ्यासाठी आनलंय. वंजळ कर."

तिनं ओंजळ केली. फोडांवर पाणी पडलं, झोंबलं, मग गार झालं. ती प्यायली. पाण्याला मातीची चव होती, विहिरीच्या तळाची. ओंजळ रिकामी झाली, तिनं पुरे म्हणून हात मागे घेतला.

"कावून थांबलीस? पी."

"घरी बाळंतीण आहे ना."

"तिला ठिवलंय. पी म्हनते ना." रतनबाईंनी घागर पुन्हा कलती केली. धार बारीक होती, एक थेंब इकडेतिकडे जात नव्हता. शिवकन्या पीत राहिली, आणि वरून तो राखेनं घोगरा झालेला आवाज येत राहिला. "पान्यापायी लांबलेलं बारसं सोमवारी हाय. पोरगी हाय. तू यायचं, चंद्रभागाबाईला आन् गुरुजींना घिऊन. आन् कायबी आनायचं न्हाई बरं का. नुसतं यायचं."